विदर्भातल्या खेड्यांतल्या चर्चच्या रंगीत काचांचा इतिहास काय? त्यांवर चित्रं का नसतात?

तुम्ही लिहिलंय की अचलपूर तालुक्यातल्या तुमच्या आजोळच्या चर्चमध्ये लाल, निळी, पिवळी तावदानं आहेत, पण मुंबईतल्यासारखी येशूची किंवा संतांची चित्रं एकाही खिडकीत नाहीत. ती आधी होती आणि नंतर फुटली का? आणि चर्चची मंडळी आता सगळं काढून ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या बसवायचं म्हणतेय, तर काय करावं?

मी परतवाड्याला सुतारकाम आणि काचकाम करतो, आणि लहानपणापासून याच भागातल्या चर्चमध्ये बसत आलोय. माझ्या मते चित्रं फुटलेली नाहीत. ती बहुधा कधी नव्हतीच.

चित्राची खिडकी हे फार वेगळं आणि महागडं काम असतं. काच वितळलेली असतानाच तिच्यात धातू मिसळून रंग आणतात. निळ्यासाठी कोबाल्ट, लालसाठी तांबं किंवा सोनं. मग चेहरा, बोटं, कपड्यांच्या चुण्या लोहभस्म आणि काचेची पूड मिसळलेल्या काळपट रंगाने काढतात आणि भट्टीत साधारण ६०० अंशांच्या वर भाजतात, म्हणजे रेघ काचेत कायमची बसते. चौदाव्या शतकापासून चांदीच्या क्षारांनी पिवळा रंग चढवायची युक्तीही आली. हे सगळे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत धरून डाख देऊन जोडायचे. मुंबईत कुलाब्याचं अफगाण चर्च १८५८ साली झालं, तिथल्या खिडक्या इंग्लंडमधल्या विल्यम वेल्सच्या कारखान्यातल्या. सुएझचा कालवाही तेव्हा झालेला नव्हता, म्हणजे ती काच आफ्रिकेला वळसा घालून आणावी लागायची. ते चर्च अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांचं स्मारक, त्यामुळे पैसा उभा राहिला. आपल्याकडे असं काम शोधायचं तर आधी इंग्रजी लष्कराच्या छावणीच्या गावांकडे बघावं लागतं, म्हणजे नागपूर, कामठी. कामठीची छावणी १८२१ ची.

आपल्या खेड्यांत मात्र ख्रिस्ती धर्म छावणीतून आला नाही, मिशनमधून आला. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चकडून. त्या परंपरेने १५६० च्या धर्मसुधारणेनंतर स्कॉटलंडमधल्याच चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं काढून टाकली होती. पुढे अकोला-खामगावकडे अलायन्स मिशन, यवतमाळला फ्री मेथडिस्ट, बुलडाणा-वाशीमकडे नाझरीन, आपल्याकडे कोरकूंमध्ये काम करणारं हिल मिशन. नावं निराळी, पण सगळ्यांचा भर बायबलच्या वचनावर. उपासनेला आलेल्या माणसाने ऐकावं, बघत बसू नये. त्यातून नव्याने बाप्तिस्मा घेतलेली माणसं मूर्तिपूजा सोडून आलेली. त्यांच्यासमोर काचेतला येशू उभा करायला मिशनरी कचरत असणार, असं मला वाटतं.

दुसरं कारण दुष्काळाचं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ वऱ्हाडाने आणि मध्य प्रांताने पाठोपाठ सोसले. मिशनकडे येणारा पैसा अन्नछत्रांवर, अनाथालयांवर, दवाखान्यांवर गेला. परतवाड्याजवळच्या कोठाऱ्याचं कुष्ठरोग्यांचं काम त्याच काळातलं. ज्या मंडळीने त्या वर्षांत खिडकीऐवजी पोरं जगवली तिच्या साध्या काचांना कमी लेखायचं काहीच कारण नाही.

मग रंगीत काच आली कुठून? मुंबईची रेल्वे १८६७ साली नागपूरपर्यंत पोचली आणि कापसाच्या पैशासोबत विलायती काच वऱ्हाडात येऊ लागली. जुन्या सावकारांच्या वाड्यांत दारांवरच्या कमानींत जी रंगीत तावदानं दिसतात, तसलीच काच चर्चमध्ये दिसते. इंग्लंडात जी टोकदार कमान दगडात घडवतात ती आपल्या सुतारांनी मेळघाटच्या सागात कापली. मी उघडलेल्या एका खिडकीत कमानीचे दोन्ही बाहू चुन्याच्या भिंतीत इतके नेमके बसलेले होते की सांध्यात पातं शिरेना. हे काम करणाऱ्याचं नाव कुठे लिहिलेलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तुमच्याकडे एखादं लाल तावदान निखळलं असेल तर त्याची कड उजेडात धरून बघा. जुनी लाल काच बरेचदा आरपार लाल नसते. साध्या, किंचित हिरवट काचेवर लाल काचेचा पापुद्र्याएवढा थर असतो, कारण अख्खी काच लाल केली तर ती काळीच दिसते. असं तावदान निघालं तर ते जपा, आज बाजारात सहज मिळत नाही.

आता स्लायडिंगचं. माझा स्पष्ट विरोध आहे. तावदानं हलतात ती काच खराब झाली म्हणून नव्हे, लांबी, म्हणजे काच बसवायची पुट्टी, वाळली म्हणून. ही लांबी खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून करतात. आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांत तेल सुकतं, लांबी तडकते, त्यात साग उन्हाळ्यात आकसतो आणि पावसात फुगतो. जुनी लांबी पटाशीने हळूहळू काढा, पातं लाकडाकडे ठेवून. प्रत्येक तावदानाला मागून नंबराची चिठ्ठी लावा, मग ताजी लांबी भरा. एम-सील अजिबात नको. ते दगडासारखं होतं, पुढच्या उन्हाळ्यात लाकूड हललं की काच तडकते आणि मग ती काढताही येत नाही. मेंढपाळ येशूचं छापील स्टिकर लावायची टूम निघाली आहे, तीही टाळा. गडद फिल्म उन्हात तापते, जुनी काच त्याने तडकू शकते, आणि काही वर्षांत रंग उडतो.

पाळकसाहेबांना मंडळीची जुनी मिनिटबुकं, म्हणजे सभांच्या नोंदवह्या, बघायला सांगा. खिडक्यांचा खर्च, सुताराची मजुरी अशा नोंदी असतील तर तिथेच असतील. काम पावसाळ्यात काढू नका. दसरा झाला की सुरू करा, म्हणजे नाताळपर्यंत लांबी घट्ट होईल आणि वरून ऑइलपेंटचा हातही देऊन होईल.