पहिला फिल्म एसएलआर (लेन्समधूनच बघायचा कॅमेरा): निकॉन एफएम२, ऑलिंपस ओएम-१ की पेंटॅक्स के१०००? हाताळायला कोणता बरा?

तुम्ही कॅमेरा कोणत्या डोळ्याला लावता ते प्रश्नात सांगितलेलं नाही. माझ्या मते निम्मा निकाल तिथेच लागतो.

मी डाव्या डोळ्याने बघतो. आमच्या काकांचा फोटो स्टुडिओ होता आणि त्यांच्या लेखी एफएम२ सोडून बाकी सगळी खेळणी. १/४००० सेकंदाचा शटर, सेल संपला तरी सगळे स्पीड चालू. खरं आहे. पण त्याचा फिल्म ओढायचा लिव्हर थोडा बाहेर काढून ठेवल्याशिवाय प्रकाश मोजणारं मीटर चालत नाही, शटरचं बटणही लॉक राहतं. डाव्या डोळ्याने बघणाऱ्याला तो लिव्हर थेट उजव्या भुवईत टोचतो. काकांचं उत्तर ठरलेलं: "उजव्या डोळ्याने बघायला शिक."

काकांच्याच मुलीच्या लग्नात मी मित्राचा ओएम-१ घेऊन गेलो. त्याची शटर स्पीडची रिंग लेन्सच्या माउंटभोवती असते, ॲपर्चरची (प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राची) लेन्सच्या पुढच्या टोकाला, मध्ये फोकस. तिन्ही कामं डाव्या हाताने, उजवा हात फक्त बटणावर. मीटरचा स्विच वेगळा, त्यामुळे लिव्हर आपल्या जागी गप्प. मांडवात अंधूक उजेड, कडेने ऊन घुसलेलं. अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या, मी डोळा न काढता स्पीड दोन खटके मागे घेतला आणि फोटो मारला. नंतर काका म्हणाले, "तुझ्या व्ह्यूफाइंडरमध्ये स्पीडचा आकडा तरी दिसतो का?" नाही दिसत, नुसता मीटरचा काटा दिसतो. पण खटके बोटांना मोजता येतात. तो फोटो आज त्यांच्याच हॉलमध्ये लावलेला आहे.

आणि खेळणं म्हणाल, तर एसएलआर लहान करण्याचा ध्यास ऑलिंपसचे डिझायनर माइतानी योशिहिसा यांचा. त्यांचा कॅमेरा १९७२ चा (तेव्हा नाव एम-१, जर्मन कॅमेरा कंपनी लायकाने हरकत घेतली म्हणून ओएम-१ झालं). निकॉनचा छोटा एफएम (एफएम२ च्या आधीचा) आला १९७७ ला. ओएम-१ ५१० ग्रॅम, एफएम२ ५४०. कोण कुणाच्या मागे गेलं ते काकांनी ठरवावं.

के१००० दणकट आहे, शिकायला उत्तम. मीटर बंद करायची सोयच नाही, उजेड पडला की ते चालूच, म्हणून लेन्सला टोपी लावायला विसरलात की सेल उतरलाच. डेप्थ ऑफ फील्ड (पुढे-मागे किती भाग स्पष्ट येईल ते) आधी बघायचं बटणही नाही. जास्त काही बोलण्यासारखं नाही.

हां, ओएम-१ घेताना व्ह्यूफाइंडरमधून नीट बघून घ्या. प्रिझमवरचा फोम कुजून चांदीचा थर खातो, मग काळे डाग दिसतात. त्याचा १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता मिळत नाही. दीड व्होल्टचा साधा सेल घातलात तर मीटर प्रकाश जास्त दाखवतो आणि फिल्म अंडर जाते, म्हणजे फोटो काळपट येतो. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा सेल अडॅप्टरमध्ये घालून काम भागतं.

नाट्यगृहातल्या अंधारात ओएम-१ चा काटा दिसत नाही, एफएम२ चे लाल दिवे दिसतात. भर उन्हात फ्लॅश मारायचा असेल तर ओएम-१ चा शटर १/६० वर अडकतो, त्याहून जलद चालत नाही. एफएम२ सुरुवातीला १/२०० आणि १९८४ पासून १/२५० पर्यंत जातो. नाटकांचे फोटो काढायचे असतील आणि उजव्या डोळ्याने बघत असाल, तर घ्या एफएम२. आमच्या काकांना कळवू नका.