‘ठीक’ कोणी दाबलं?

अमळनेर तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. थोडक्यात असं: ‘मिस्टर गेले तेव्हापासून, चार वर्षं, डिप्रेशनची एस्सिटालोप्राम गोळी चालू आहे. तब्येत सुधारली म्हणून जळगावच्या डॉक्टरांनी ती कमी करायला घेतली. 20 मिलिग्रॅमची 10 झाली, 10 ची 5 झाली, काही जाणवलं नाही. मोबाईलवर रोज पाच प्रश्नांची नोंद करायची असते. रात्री मी भांडी आवरते तेव्हा ती मोठा मुलगा भरतो. तो फार जपतो मला. नोंदी बघून डॉक्टर म्हणाले, छान चाललंय, आता 5 ची अर्धी करा, मग बंद. अर्धी केल्यापासून गरगरतं, मान वळवली की डोक्यात करंट लागतो, झोप नाही, हातातलं ताट आपटावंसं वाटतं. वैशाखात मुलाचं लग्न आहे, त्याआधी गोळी सुटावी असं घरात सगळ्यांना वाटतं. मला व्यसन लागलंय का? एकदाची बंदच करून टाकू?’

ताई, बंद करायची नाही. आणि व्यसनही लागलेलं नाही. व्यसनी माणूस डोस वाढवत नेतो, तुम्ही तर सोडायला निघालात. चार वर्षं जे औषध मेंदूला रोज मिळत होतं ते कमी झालं की तो कुरकुर करतोच. डोस उतरवल्यावर थोड्याच दिवसांत गरगरणं, करंट, चिडचिड सुरू झाली तर बहुतेक वेळा ती त्या उतरण्याची असते. जुना आजार उलटतो तो सहसा सावकाश, काही आठवड्यांनी नाहीतर महिन्यांनी. तुमचं नेमकं काय आहे ते डॉक्टरच ठरवतील. पण ठरवणार कशावरून?

‘ती मोठा मुलगा भरतो.’ हे तुम्ही सहज लिहून गेलात आणि मी तिथेच थांबले. तुम्हाला झोप लागली की नाही हे त्याला कसं कळतं? त्याने विचारल्याचं पत्रात कुठेच नाही. काय भरलं हे तुम्ही पाहिल्याचंही नाही. तो ‘ठीक’ दाबून मोकळा होतो आणि जळगावात बसलेले डॉक्टर त्या ‘ठीक’वर विश्वास ठेवून पुढचा डोस ठरवतात. मुलगा जपतो, मान्य आहे. पण लग्नाची तारीख त्याच्या डोक्यात आहे आणि गरगरणं तुमच्या. मला त्याचा राग येतोय आणि तो मी लपवणार नाही.

या गोळीची गंमत नाही, खोच आहे. 20 वरून 10 ला येताना मेंदूवरचा परिणाम थोडाच कमी होतो. शेवटच्या चार-पाच मिलिग्रॅममध्ये तो झपाट्याने उतरतो. कन्नडहून चाळीसगावला येताना पठारावर गाडी सरळ धावते आणि घाट लागला की एकदम उतार, तसं. म्हणून वरचे डोस सुखाने सुटले आणि अर्ध्या गोळीला तुम्ही हललात. इथे पायऱ्या लहान आणि मधला मुक्काम लांब हवा. काही औषधांचे त्यासाठी थेंबही मिळतात. तुमच्यासाठी काय ते डॉक्टरांना विचारा.

ब्रिटनमध्ये दीर्घकाळ डिप्रेशनची गोळी घेणाऱ्या लोकांना ती सोडताना इंटरनेटवरून माहिती आणि प्रशिक्षित माणसाचे फोन अशी मदत देऊन पाहिली. त्याचे निष्कर्ष 2024 मध्ये आले. मदत मिळालेल्यांना सोडतानाचा त्रास कमी झाला. तरीही सहा महिन्यांनी निम्म्याहून जास्त लोकांची गोळी सुटलेली नव्हती. आणि तुमच्या घरात मुहूर्त धरून बसलेत! शिवाय ते फोन ज्याला गरगरतं त्यालाच जात होते, त्याच्या मुलाला नाही.

तेव्हा आज रात्री भांडी तशीच राहू द्या. मोबाईल मागून घ्या आणि पाचही प्रश्नांची उत्तरं तुमच्या बोटाने द्या. टाइप जमत नसेल तर दवाखान्याच्या नंबरवर आवाज रेकॉर्ड करून पाठवा, अहिराणीत: ‘डोकं गरगरस, झोप लागत नही.’ आधीच्या नोंदी मी भरलेल्या नाहीत, हेही त्यातच सांगा. ही कबुली मुलाला आवडणार नाही, तरी सांगा. उद्या सकाळी दवाखान्यात फोन लावा आणि विचारा, पुन्हा 5 वर जाऊ का. ते सांगेपर्यंत आपल्या मनाने ना कमी, ना बंद.

एखाद्या रात्री जगणंच नको वाटलं तर सकाळची वाट पाहू नका. 14416 हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. मुलाला उठवा आणि तुमच्यासमोर लावायला सांगा.

लग्नाचं म्हणाल तर हळदीच्या दिवशी डॉक्टर सांगतील तेवढी गोळी घ्या, जेवून, सगळ्यांच्या देखत. होणाऱ्या सुनेलाही आधीच सांगून ठेवा, म्हणजे तिच्यापासून स्ट्रिप लपवत बसायला नको.