गाडी कुठे उभी राहिली, ते आधी पाहा

नेरुळ, नवी मुंबई

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

मागच्या रविवारी तू जिच्यात राहून फिरतेस ती गाडी आमच्या इमारतीखाली लावून वर आलीस, दोन तास बसलीस आणि निघताना जिन्यात थांबून "काका, आता पुढे काय करू?" असे विचारलेस. जिन्यात विचारलेल्या प्रश्नाला जिन्यातच उत्तर द्यावे असे मला वाटले नाही, म्हणून आठवडाभर विचार करून हे पत्र लिहीत आहे. तुझे बाबा असते तर त्यांनी काय सांगितले असते, हे माझ्या मनात अनेकदा आले; पण शाळेपासूनचा मित्र असलो तरी त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार मी घेणार नाही. चोवीस वर्षे जहाजाच्या इंजिन रूममध्ये काढून २००९ मध्ये कायमचा किनाऱ्यावर आलेला माणूस म्हणून जे सांगता येईल, तेवढेच सांगतो.

गाडी विकून ठाण्यात नौपाड्याला आईकडे जावे, की इकडे नेरुळ-बेलापूरकडे भाड्याने घर घ्यावे, की इंजिनाचे काम करून घेऊन आणखी दोन वर्षे फिरावे, असे तीन मार्ग तू एका दमात सांगितलेस. त्यांपैकी एखादा आजच निवडण्याची घाई करू नकोस. त्याआधी तू मला दाखवलेल्या प्रवासाच्या नोंदींच्या त्या तीन वह्या पुन्हा वाच. पहिल्या वर्षी तुझी गाडी एकवीस हजार किलोमीटर चालली आणि गेल्या वर्षी जेमतेम साडेचार हजार. गेल्या वर्षातले चार महिने ती वाईला एकाच आवारात उभी होती, अडीच महिने दापोलीला, आणि सत्त्याण्णव रात्री नौपाड्यात आईच्या इमारतीजवळच्या गल्लीत. हे आकडे सांगताना तुझा आवाज खाली गेला होता, जणू काही तू एखाद्या चुकीची कबुली देत होतीस. मला त्यात चूक दिसली नाही. तू थांबू लागलीस त्याला दीड वर्ष होऊन गेले आहे. फक्त तसे ठरवून थांबलेली नाहीस, एवढेच. माणूस ठरवून थांबला तर त्याला जागा निवडता येते, आणि गाडी बंद पडल्यामुळे थांबला तर ती जिथे बंद पडेल तिथेच राहावे लागते, म्हणून ही गोष्ट मी इतक्या आग्रहाने सांगत आहे.

जहाजाचा तळ पाच वर्षांत दोनदा तपासावा लागतो आणि दोन तपासण्यांमध्ये छत्तीस महिन्यांहून अधिक अंतर चालत नाही. त्यासाठी बहुधा जहाज ड्राय डॉकमध्ये, म्हणजे पाणी उपसून कोरड्या करता येणाऱ्या गोदीत घेतात. पाणी उपसले की जो भाग एरवी कोणालाच दिसत नाही तो उघडा पडतो, त्यावरचे शंख-शेवाळ खरवडले जाते, आणि मग पत्र्याची जाडी अल्ट्रासोनिक यंत्राने ठिकठिकाणी मोजतात. वरून रंग चांगला दिसतो म्हणून पत्रा चांगला, असे तिथे कोणी धरत नाही. तो ठरलेल्या मर्यादेपेक्षा झिजला असेल तर तेवढा भाग कापून नवा बसवतात. माझ्या सगळ्या नोकरीत डॉकमधल्या त्या दिवसांनी मला सर्वात जास्त शिकवले, कारण जहाजाचे पुढे काय करायचे याचा खरा विचार भर समुद्रात कधीच होत नसे. समुद्रात फक्त पुढच्या बंदराचा विचार होतो. तुझेही साडेचार वर्षे तसेच झाले आहे. आज रात्री कुठे, पाणी कुठे भरायचे, बॅटरी किती उरली, उद्या नेटवर्क मिळेल का, या चार प्रश्नांत दिवस संपतो, आणि ज्या प्रश्नाला सलग सहा महिने शांतता लागते तो तसाच राहून जातो.

किनाऱ्यावर आल्यावर मी जे केले ते तू करू नयेस, म्हणून तेही सांगतो. उतरल्यानंतर तीन महिन्यांच्या आत मी एका होऊ घातलेल्या इमारतीत घर नोंदवले आणि त्याच महिन्यात एका कचेरीत नोकरी धरली. नोकरी मी अकराव्या महिन्यात सोडली. घराचा ताबा कबूल केलेल्या तारखेनंतर चार वर्षांनी मिळाला. तेव्हा बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारे महारेरा नव्हते. ते २०१७ मध्ये आले, आणि आज निदान प्रकल्पाची नोंदणी आणि ताब्याची तारीख घरबसल्या तपासता येते. पण दोष केवळ बिल्डरचा नव्हता. मला रिकामेपणाची भीती वाटत होती आणि ती घालवण्यासाठी मी सह्या करीत सुटलो होतो. त्या दिवसांत मला इंजिनाच्या आवाजाशिवाय झोप येत नसे, म्हणून तुझी काकू स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा रात्रभर चालू ठेवत असे. पलंगाखालची बॅग मी आठ महिने रिकामी केली नव्हती. ज्या माणसाची बॅग अजून भरलेली आहे, त्याने वीस वर्षांच्या कर्जावर सही करू नये, हे मला त्या वेळी कोणी सांगितले असते तर फार बरे झाले असते.

आता त्या वह्यांकडे परत येतो. गाडीने तुला नेमके काय दिले, हे शोधायला त्यांचा उपयोग कर. प्रवास दिला असे तू म्हणशील, पण साडेचार हजार किलोमीटरच्या वर्षातही तू समाधानी होतीस, म्हणजे ते उत्तर पुरे नाही. सकाळचे तीन तास कोणाच्याही हाकेशिवाय चित्रे काढता येतात, हे असेल. मोजक्या वस्तू आणि प्रत्येकीला ठरलेली जागा, हे असेल. दाराशेजारच्या खुंटीवर टांगलेला तुझा तो निळा कप मी पाहिला आहे, आणि बोटीवरच्या माझ्या केबिनची मला फार आठवण झाली. ही दोन्ही सुखे एका खोलीच्या घरातही टिकवता येतात, मात्र ती आहेत हे आधी ओळखावे लागते.

तिसरी गोष्ट अधिक अवघड आहे. गाडीने तुला निघून जाण्याची सोय दिली. एखाद्या ठिकाणी शेजार त्रासदायक निघाला, कोणी वाकडे बोलले, गर्दी झाली, की किल्ली फिरवायची आणि पुढे जायचे. एकट्या मुलीने रस्त्यावर राहताना ही सोय हाताशी ठेवलीच पाहिजे, आणि ती तू नीट वापरलीस याचे मला कौतुक आहे. घरात मात्र ती नसते. आमच्या वरच्या मजल्यावरून आमच्या न्हाणीघरात दोन पावसाळे गळती होत होती. पत्रे झाली, सोसायटीच्या सभेत वाद झाला, जिन्यात बोलणे बंद झाले. मी जहाजावर असतो तर कॉन्ट्रॅक्ट संपवून उतरलो असतो आणि तो माणूस पुन्हा कधी दिसलाही नसता. इथे तो रोज सकाळी दुधाच्या पिशवीसह समोर येत होता. शेवटी एका दुपारी मीच अवजारे घेऊन वर गेलो, फरशीखालचा निसटलेला सांधा आम्ही दोघांनी मिळून शोधला, आणि पुढे माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी पहिल्या रात्री दवाखान्यात तोच थांबला. हे नाते मला नको असताना जडले. जाण्याची सोय असती तर ते जडलेच नसते. पुढची काही वर्षे तुला अशी नाती हवी आहेत का, या प्रश्नाचे उत्तर भाडे आणि डिझेल यांचा हिशोब मांडून मिळणार नाही.

फिरणे आणि थांबणे यांतले एकच निवडावे लागते, असेही समजू नकोस. आपल्याकडचे मेंढपाळ धनगर पिढ्यान्‌पिढ्या दिवाळीनंतर मेंढरे घेऊन घाट उतरतात, कोकणातल्या शेतकऱ्यांच्या रानात ती बसवतात, खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घेतात आणि पावसाच्या आधी पुन्हा देशावर आपल्या गावी जातात. त्यांना बेघर म्हणणे अज्ञानाचे होईल, कारण त्यांचे गाव, देव आणि शेत ठरलेले असते, आणि घर सोडण्याचा जसा काळ असतो तसा परतण्याचाही असतो. तुझ्या वह्यांत निघण्याच्या तारखा आहेत, परतण्याच्या नाहीत.

म्हणून माझा सल्ला असा की चातुर्मास लागण्याआधी अकरा महिन्यांच्या करारावर एक लहान घर भाड्याने घे, आणि त्या काळात घर विकत घेऊ नकोस, तशीच गाडीही विकू नकोस. करार नोंदणीकृतच असू दे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार तो लेखी करून नोंदवावा लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. तो टाळाटाळ करू लागला तर ते घर सोडून दे. त्या करारावर आधारवरचा पत्ता बदलता येईल आणि मतदारयादीतले नाव आठ नंबरचा अर्ज भरून इकडे आणता येईल. बँकेचे कागद कोणाच्या तरी पत्त्यावर मागवण्याचा त्रासही त्यामुळे संपेल. घर पाहायला जाताना मोजपट्टी घेऊन जा. सौर पॅनेलसकट तुझ्या गाडीची उंची बहुतेक इमारतींच्या स्टिल्टखाली, म्हणजे तळाच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये, मावणार नाही, आणि भाडेकरूला पार्किंग मिळेलच असे नाही, तेव्हा घराचे टोकन देण्याआधी हे सोसायटीला विचार. सिडकोच्या जुन्या सेक्टरांतली बैठी आणि रो-हाऊस पद्धतीची घरे तुझ्यासाठी अधिक सोयीची वाटतात.

गाडीच्या कागदांचे काम मात्र लगेच हाती घे. येत्या डिसेंबरात तिच्या नोंदणीला पंधरा वर्षे होतील. त्यानंतर ती चालवायची तर तपासणी करून, पर्यावरण कर भरून नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागेल. आसने काढून पलंग बसवला तेव्हा आरटीओत नोंद केली होतीस का, असे मी विचारले आणि तू गप्प राहिलीस. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल परवानगीशिवाय चालत नाहीत, आणि अपघात झाल्यावर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारील. ठाण्याच्या आरटीओत जाऊन हे काम पावसाआधी सुरू कर. आरोग्य विम्याचेही आताच बघ, कारण आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, आणि ती वर्षे तब्येत धडधाकट असताना सरलेली बरी.

वहिनींविषयी एवढेच लिहितो. त्या एकट्या आहेत आणि त्यांना तू जवळ हवी आहेस, यात शंका नाही. पण "आईसाठी परत आले" असे तू लोकांना सांगू लागलीस तर ते ओझे त्यांच्या डोक्यावर जाईल, आणि त्या मानी आहेत. नेरुळहून ठाण्याला ट्रान्स-हार्बरची लोकल आहे. आठवड्यातून दोन रात्री नौपाड्याला राहा आणि बाकीच्या रात्री आपल्या घरी. सत्त्याण्णव रात्री गल्लीत गाडीत झोपलीस आणि वर गेली नाहीस, हे त्यांना माहीत आहे; त्याबद्दल त्यांच्याशी एकदा नीट बोल. काय बोलावे, हे मी सांगू शकत नाही.

अकरा महिन्यांतही वही लिहीत राहा, मात्र किलोमीटरऐवजी त्या दिवशी कोणाशी बोललीस आणि किती चित्रे पुरी झाली ते लिही. इंजिन रूममध्ये आम्ही दर चार तासांच्या पाळीला आकडे लिहीत असू, आणि बिघाड बहुतेक वेळा कानाला कळण्याआधी त्या आकड्यांत दिसत असे.

येत्या रविवारी सकाळी ये. येताना आर.सी. आणि तिन्ही वह्या आण. त्या रविवारी तुझ्या सरकत्या दाराखालच्या रबराशेजारी रंग फुगलेला दिसला, म्हणून मी अंगठ्याने दाबून पाहिले, तर पत्रा आत गेला; तुला तेव्हा बोललो नाही. खाडीच्या हवेत तो आणखी झिजेल. गाडी गुलमोहराखाली लाव, तिथे अकरापर्यंत सावली असते. रबर काढून आपण तो पत्रा टोकापर्यंत पाहू.

तुझा
काका