रंकाळ्यावर बोललेलं पंगतीत आलं

प्रश्न : ताई, नमस्कार. मी ४१ वर्षांचा, कोल्हापुरात उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे, कास्टिंगचं जॉबवर्क करतो. लग्नाला १४ वर्षं झाली, मुलगी सातवीत आहे. दिवाळीच्या आधी एका पार्टीचं पेमेंट अडकलं, सीएनसी मशीनच्या कर्जाचा हप्ता थकला, कामगारांच्या पगाराला पैसे नव्हते आणि दोन महिने मी घरात कुणाला काही बोललो नाही. एका रात्री मिसेसला घेऊन रंकाळा तलावावर गाडी लावून बसलो होतो आणि एकदम रडूच आलं. २०१९ च्या महापुरात शाहूपुरीतल्या आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं, तेव्हा पण मी रडलो नव्हतो. त्या रात्री सगळं सांगितलं, झोप लागत नाही, भीती वाटते, मी कमी पडलोय असं वाटतं. तिनं हात धरला, लई हलकं वाटलं. पंधरा दिवसांनी तिच्या माहेरी जेवायला गेलो, तांबडा-पांढऱ्याचा बेत होता, आणि मेव्हणा भरल्या पंगतीत म्हणाला, "काय दाजी, परत रंकाळ्यावर रडाय गेलतासा काय?" सगळे हसले. उठून पण जाता येईना. तेव्हापासून घरात हिशेबाचं सोडून मी काही बोलत नाही. आता दुसरी गोष्ट. एका सप्लायरकडं अकाउंट बघणाऱ्या मॅडम आहेत, कामाचं बोलता बोलता त्यांच्याशी हे सगळं बोलायला लागलो, आता रोज रात्री चॅट असतं. तसलं काही नाही, बाहेर कधी भेटलो पण नाही. पण झोपायच्या आधी चॅट डिलीट करतो. ही फसवणूक आहे का? आणि आधी विश्वास कुणी मोडला, तिनं का मी?

उत्तर : दादा, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते म्हणजे ते मनात अडकून राहणार नाही. आधी मिसेसकडून मोडला. पण त्यांच्याकडून तो एकदा मोडला, बहुतेक घाबरून, आणि तुम्ही रोज रात्री डिलीट करताना मोडताय, समजून उमजून. दोन्ही खरं आहे, आणि त्यातलं एक दाखवून दुसरं झाकता येत नाही.

पंगतीतलं वाचताना माझ्या पोटात कालवलं. धंद्यात अडचण आलीय हे सासरी कळलं असतं तरी तुम्ही सहन केलं असतं, उद्यमनगरात कुणाचं पेमेंट अडकलं नाही असं वर्ष जात नाही. पण तुमचं रडणं हातातल्या वाटीबरोबर पंगतीत फिरलं, ते लागलं. आपल्याकडं तालमीत पैलवान वस्तादाला दुखरा खांदा दाखवतो, कारण वस्ताद ते समोरच्या तालमीत सांगणार नाही याची त्याला खात्री असते. तुम्ही त्या रात्री खांदा दाखवला होता. नवरा-बायकोतली निष्ठा म्हटलं की आपण फक्त तिसऱ्या माणसाचा विचार करतो, पण समोरच्यानं विश्वासानं दाखवलेली दुखरी जागा सांभाळणं हीच मला त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

आता त्यांच्या बाजूनं एकदा बघा. तुम्ही दोन महिने पोटात ठेवलेलं सगळं त्यांना एका रात्रीत मिळालं. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेलं की इशारा मिळतो, ४३ ला धोका, म्हणून माणसं सामान माळ्यावर टाकतात, म्हातारी माणसं पाहुण्यांकडं पोचवतात. तुम्ही ३९ ला काही बोलला नाही, ४३ ला नाही, एकदम पाणी घरातच. त्या घाबरून भावाकडं गेल्या असतील, कदाचित पैशाची सोय होईल म्हणून. तरी "दादाला सांगू का?" एवढं त्यांनी विचारायला पाहिजे होतं. आणि तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, त्यात एक गोष्ट नाही. सगळे हसले तेव्हा मिसेस काय करत होत्या? हसल्या, खाली बघत बसल्या, का भावाला गप्प केलं? मला वाटतं तुमचं खरं दुखणं तिथं आहे आणि ते तुम्ही त्यांना अजून विचारलेलंच नाही.

चॅटचं. शर्ली ग्लास नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होत्या, त्यांनी अशा नात्यांवर बरंच काम केलं. त्या सांगायच्या की नवरा-बायकोच्या मधे खिडकी पाहिजे आणि बाहेरच्या माणसाच्या बाजूला भिंत. गडबड होते तेव्हा याचं उलटं होतं, खिडकी बाहेर उघडते आणि भिंत घरात उभी राहते. तुमच्याकडं नेमकं हेच झालंय. "तसलं काही नाही" यावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण मिसेस शेजारी बसल्यात आणि तुम्ही ते चॅट मोठ्यानं वाचून दाखवताय असं डोळ्यासमोर आणा, कुठल्या ओळीवर आवाज अडतो ते तुमचं तुम्हालाच कळेल. त्या मॅडमना उद्याच सरळ सांगा, तुम्ही ऐकून घेतलं त्याचे उपकार आहेत पण इथून पुढं फक्त बिलाचं बोलूया. गायब होऊ नका, त्यांनीही मनापासून वेळ दिलाय. आणि मिसेसना हे तुमच्याच तोंडून कळू दे, दुसऱ्या कुणाकडून नको.

हे बोलायला रात्री अकरानंतर बसू नका. जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी जोडप्यांची भांडणं वर्षानुवर्षं अभ्यासली, भांडताना छातीचे ठोके मोजले, आणि त्यांचं म्हणणं असं की ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की माणसाला समोरच्याचं धड ऐकूच येत नाही, शांत व्हायला किमान वीस मिनिटं लागतात. म्हणून रविवारी सकाळी मुलगी क्लासला गेली की बसा, आवाज चढला तर वीस मिनिटं थांबून परत बसा, पण त्याच दिवशी परत बसा. पहिलं वाक्य तयार ठेवा. "तुझ्या भावानं मला हसलं तेव्हा मला तू बाजूला पाहिजे होतीस. मी तुला सांगायचं सोडून दुसरीकडं बोलायला लागलो, आणि मला ते नकोय." इतकं बोलून गप्प बसा, त्यांना बोलू द्या. त्या रडतील, चिडतील, चॅटवरून चार दिवस बोलणार नाहीत, तेवढं त्यांचं चालवून घ्यावं लागेल. मेव्हण्याशी मात्र त्यांनीच बोलायचं, तुम्ही नाही. आणि घरातलं कुणाला सांगायचं, कुणाला नाही, ती चार-पाच नावं दोघांनी मिळून ठरवा, त्यात तुमच्या बाजूचे कट्ट्यावरचे मित्रही आले.

हप्त्याचं राहूनच जात होतं. हप्ता ९० दिवसांच्या वर थकला की खातं एनपीएत, म्हणजे बँकेच्या थकीत कर्जात जातं, त्याआधी बँकेत जाऊन हप्त्याची फेररचना होते का विचारा, आणि जाताना मिसेसना बरोबर न्या. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी असेल तर लेखी करार असला तरी पार्टीला ४५ दिवसांच्या वर पेमेंट थांबवता येत नाही, २००६ च्या एमएसएमई म्हणजे लघुउद्योगांच्या कायद्यात रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज लागतं आणि तक्रार ऑनलाइन करता येते. आणि झोप इतके महिने लागत नसेल तर सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात एकदा दाखवा. हे पण लपवू नका.

प्रश्न : मी शिवाजी विद्यापीठात शिकते, राजारामपुरीत मैत्रिणीबरोबर रूमवर राहते. तिनं शपथ घालून सांगितलंय की तिला जगू नये असं वाटतं, गोळ्या पण साठवल्यात. कुणाला सांगितलंस तर आपली मैत्री संपली म्हणते. मी काय करू?

उत्तर : बाळा, तुझ्या मेलला मी त्याच दिवशी फोन करून उत्तर दिलं होतं, इथं तुझ्या परवानगीनं छापतेय कारण अशी शपथ घातलेल्या अजून कितीतरी पोरी असतील. वर मी जे लिहिलं, विश्वासानं सांगितलेलं सांभाळायचं, ते इथं लागू होत नाही. जीवाचा प्रश्न आला की शपथ मोडायची, न विचारता. फक्त तिच्या पाठीमागं नको, तिला तोंडावर सांग, "मी आज तुझ्या आईला फोन करणार आहे, तू बरोबर बस." गोळ्या रूमवर ठेवू नका, घरच्यांपैकी कुणी येईपर्यंत तिला एकटीला सोडू नकोस. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात, तू स्वतःसाठीही लाव. गोळ्या घेतल्या असतील तर वाट न बघता १०८ ला फोन करून अ‍ॅम्ब्युलन्स बोलाव.

ती महिनाभर बोलली नाही तरी चालेल. तुझी मैत्रीण आता आईबरोबर गावी आहे आणि परवा तिनं तुला शिव्या द्यायला का होईना फोन केला, हे तू कळवलंस तेव्हा मी खूप वेळ फोन हातात धरून बसले होते.