ब्रेक बसवण्याआधी दस्ता मोजा

तुम्ही लिहिलंय की थर्टी-ओ-सिक्स (.30-06 काडतुसाची रायफल) घेतल्यापासून चार-पाच बारांत खांदा काळानिळा पडतो, नेम खाली जातो आणि आता कुठला मझल ब्रेक (नळीच्या तोंडावर बसवून धक्का कमी करणारा तुकडा) चांगला ते हवंय. ते वाचल्यावर उत्तर दिल्याशिवाय राहवेना. नेमक्या याच तक्रारीपायी माझा अख्खा हंगाम गेला होता. मी बंदुका बनवणारा नाही, बरीच वर्षं वापरणारा आहे. खांद्याचं किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना विचारा.

मी बंदूक एका नावाजलेल्या वर्कशॉपमध्ये नेली होती. समोरच्या माणसाने मला ती खांद्याला लावूनसुद्धा बघायला सांगितलं नाही. नळीच्या तोंडाला आटे पाडले, ब्रेक बसवला, बिल हातात दिलं. धक्का थोडा कमी झाला हे खरं, पण आवाज असा की शेजारी उभा राहणारा पुढच्या वेळी आलाच नाही. माझं दचकणं उलट वाढलं. परत गेलो तर "सवय होईल" एवढंच उत्तर. याचा राग अजून गेलेला नाही, कारण खरं दुखणं दुसरीकडेच होतं. पुढे एका दस्ते (बंदुकीचा खांद्याला टेकणारा भाग) बनवणाऱ्या कारागिराने बंदूक माझ्या खांद्याला लावली आणि लगेच दाखवलं: चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतची लांबी माझ्या मापाला जास्त होती. त्यामुळे दस्त्याच्या टोकाचं पॅड खांद्याच्या खळगीत न बसता दंडाच्या सांध्यावर टेकत होतं आणि मान पुढे ताणल्यामुळे गाल दस्त्यावर नीट बसत नव्हता. कारखान्यातून ही लांबी साधारण ३४-३५ सेंटिमीटर येते. हात आखूड असेल किंवा थंडीचा जाड कोट अंगावर असेल, तर तेवढीही जास्त होते. दस्ता कापून रुंद, मऊ पॅड बसवलं आणि निळे डाग पडायचे थांबले.

म्हणून आधी हिशोब करा. गोळीचं वजन गुणिले तिचा वेग. दारूचं वजन गुणिले त्या वेगाच्या पावणेदोन पट, कारण वायू गोळीपेक्षा जोरात बाहेर पडतो. दोन्हींची बेरीज बंदुकीच्या वजनाने भागली की बंदूक किती वेगाने मागे येते ते कळतं. त्या वेगाचा वर्ग गुणिले वजन, त्याचं अर्धं, म्हणजे धक्क्याची ऊर्जा. सगळं किलो आणि मीटरमध्ये धरा. ११.७ ग्रॅमची गोळी, सेकंदाला ८२० मीटर, ३.६ ग्रॅम दारू आणि स्कोपसकट (नेमाच्या दुर्बिणीसकट) ३.८ किलोची बंदूक धरली तर साधारण २९ ज्यूल येतात. बंदूक अर्धा किलो जड केली तर २५. तीच बंदूक आणि ८.१ ग्रॅमची हलकी गोळी, २.९ ग्रॅम दारू, वेग सेकंदाला ८०० मीटरच्या आसपास, तर थेट निम्म्यावर. अशी कमी धक्क्याची काडतुसं कारखान्यातूनच येतात, सरावाला तीच वापरा. काडतुसं घरी भरत असाल तर संथ जळणारी दारू मनाने कमी करू नका. अर्धवट भरलेल्या काडतुसात दाब अचानक चढू शकतो.

याच हिशोबात ब्रेकची मर्यादाही दिसते. वरच्या आकड्यांत वायूचा वाटा जेमतेम एक तृतीयांश आहे, आणि ब्रेक फक्त वायूला वळवतो. गोळीचा वाटा तो कमी करू शकत नाही. मॅग्नमसारख्या भरपूर दारूच्या काडतुसांत त्याचा फायदा जास्त, तुमच्याकडे मध्यम. सप्रेसर (नळीला लावायचा सायलेन्सर) धक्का आणि आवाज दोन्ही कमी करतो, माझं मत विचाराल तर तोच बरा. पण परवानगी देशागणिक बदलते, आधी चौकशी करा. काहीही बसवलंत तरी नेम पुन्हा लावावा लागेल.

प्रत्यक्ष मोजायचं तर बंदूक दोरांवर टांगून झोका किती वर जातो ते बघतात. पण नुसती बंदूक टांगली तर ती पाऊण मीटर वर उडेल. वजन जोडून एकूण २० किलो केलं तर झोका जेमतेम तीन सेंटिमीटर चढतो आणि मोजता येतो. हे काम रेंजवर, दुरून बार काढण्याची सोय असलेल्यांनीच करावं. मोबाइलच्या स्लो मोशनवर विसंबू नका; सेकंदाला २४० फ्रेम धरल्या तरी एका फ्रेममध्ये बंदूक दीडेक सेंटिमीटर सरकते.

आणि दचकणं कुठल्याच हिशोबात येत नाही. मित्राला तुमच्या नकळत मॅगझिनमध्ये एखादं डमी (न उडणारं नकली) काडतूस मिसळायला सांगा. बार न होता नळीचं तोंड खाली झुकलं तर नेम का खाली जातो ते तुम्हाला दिसेल. कानात प्लग आणि वर कान झाकणारे मफ, दोन्ही लावा. धक्का म्हणून जे जाणवतं त्यातलं बरंचसं आवाजाचं असतं, निदान माझं तरी होतं. टेबलावर वाकून बार काढताना अंग मागे सरकू शकत नाही, म्हणून तिथे जास्त लागतं; नेम लावून झाला की उभं राहून सराव करा. वजन लादलेल्या जड स्टँडवर बंदूक जखडून ठेवणं मला पटत नाही. खांदा वाचतो, पण तो मार दस्त्याला आणि स्कोपला बसतो, दस्ते तडकतात. तसंच अ‍ॅक्शनचे (काडतूस उडवणाऱ्या यंत्रणेला दस्त्याशी धरणारे) स्क्रू ढिले नाहीत ना तेही बघा, आणि स्कोप भुवईपासून नऊ-दहा सेंटिमीटर तरी लांब राहतो ना.

स्कोपसकट बंदुकीचं वजन, काडतुसाच्या डब्यावरचे आकडे आणि चापापासून दस्त्यापर्यंतची लांबी इथे लिहा. खांद्याला लावलेल्या रिकाम्या बंदुकीचा बाजूने काढलेला फोटो असला तर आणखी चांगलं. तोवर नळीला आटे पाडू देऊ नका.