वर्षाचा साठा आणि तीन माणसांचे स्वयंपाकघर

चिरंजीव मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

बेळगावच्या शहापुरातील जुन्या घराचे स्वयंपाकघर या उन्हाळ्यात आवरायला काढणार असल्याचे तू कळवलेस, आणि सुरुवात भांड्यांपासून करावी की फडताळापासून, असे विचारलेस. माझे मत असे की, दोन्हींना हात लावण्याआधी तू साठ्याचा हिशेब मांडावास. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील जुन्या घरांत स्वयंपाकघराची जागा मुख्यतः मोठे डबे अडवतात, आणि ते डबे वर्षाचे धान्य एकदम भरण्याच्या रीतीतून आलेले असतात. दिवाळीनंतर खानापूर तालुक्यातला नवा तांदूळ, पुढे बैलहोंगल-सौंदत्तीकडचा शाळू, मग गूळ आणि डाळी, आणि पाऊस येण्यापूर्वी संकेश्वरी व ब्याडगी मिरचीचे तिखट, हा क्रम पंधरा-वीस माणसांच्या घरांना योग्यच होता. आज तुमच्याकडे तीन माणसे जेवतात आणि रविवार पेठेतील दुकाने भर पावसातही उघडी असतात. तरी घरातले डबे मात्र अजून पंधरा माणसांचेच आहेत.

तांदळाचे उदाहरण घे. दोन्ही वेळचा मिळून रोज ३०० ग्रॅम तांदूळ शिजत असेल, तर महिन्याला ९ किलो लागतो आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांना सुमारे ३७ किलो पुरतो. म्हणजे स्वयंपाकघरात १० किलोचा एक डबा आणि आतल्या खोलीत पावसाळ्यापुरते एक पोते, एवढी तुमची खरी गरज आहे. जुना तांदूळ मोकळा शिजतो म्हणून सासूबाईंना तो मुरवून ठेवायचा असेल, तर ते कारण रास्त आहे आणि पोते त्यासाठीच राहू दे. असाच हिशेब शाळूचा, तूरडाळीचा, रव्याचा आणि गुळाचा एका वहीत लिही. तो लिहून झाला, की कोणते डबे रिकामे होणार आहेत ते तुला न शोधताच दिसेल.

तिखटाला मात्र हा नियम लावू नकोस. मिरची वाळवायला कडक ऊन लागते, डंकावर जाण्याचा खटाटोप दरमहा करण्यासारखा नाही, आणि चिनीमातीच्या बरणीत हिंगाचे खडे घालून दाबून भरलेले तिखट वर्षभर चांगले राहते. रोजच्यासाठी त्यातून लहान बरणी भरून घ्यावी आणि मोठ्या बरणीचे दादरे, म्हणजे तोंडाला बांधलेले फडके, उगाच सोडू नये. धने-जिऱ्याची पूड आणि गरम मसाला मात्र थोडाथोडाच करावा, कारण अख्ख्या मसाल्याचा वास टिकतो आणि कुटलेल्याचा लवकर उडतो.

साठा कमी करण्याचा आग्रह मी धरते त्याचे दुसरे कारण किडीचे आहे. तांदळातील सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते आणि ते भोक बुजवून टाकते, त्यामुळे वरून स्वच्छ दिसणाऱ्या तांदळातही कीड असू शकते. उबदार हवेत साधारण महिन्याभरात तिची पुढची पिढी बाहेर पडते. म्हणून जुना तांदूळ तळाशी असताना त्यावर नवा ओतणे, ही आपल्या घरांतली सर्वांत नुकसानीची सवय आहे. डबा पूर्ण रिकामा करावा, घासावा, दिवसभर उन्हात तापवावा, नवे धान्य भरावे आणि उरलेले जुने वेगळ्या डब्यात काढून आधी संपवावे. कडधान्याला एरंडेलाचा हात लावण्याची पद्धत अजूनही उपयोगाची आहे. ती सोडू नकोस.

आता जागेविषयी. आपल्याकडचा पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा त्या अंगाच्या भिंतीला आणि मोरीलगतच्या खालच्या कपाटाला आषाढ-श्रावणात ओल धरणारच. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला तर ती भाद्रपदातही सुटत नाही. या दोन जागी धान्य, पापड, मीठ किंवा गूळ ठेवू नये. तेथे स्टीलची पातेली, परात आणि कुकर ठेवावेत. बाकीचे डबेसुद्धा भिंतीपासून चार बोटे पुढे असावेत. शेगडीच्या वरची फळी हाताशी असते म्हणून बहुतेक घरांत मिसळणाचा डबा आणि मिठाची बरणी तेथे असते, पण वाफ नेमकी तेथेच जाते. मीठ पाणी सोडते, मसाला गुठळतो. त्या वस्तू कट्ट्याच्या बाजूच्या भिंतीवर, शेगडीपासून हातभर अंतरावर आण. बटाटे उजेडात हिरवे पडतात आणि त्यांत सोलानिन हे विषारी द्रव्य वाढते, म्हणून ते अंधाऱ्या पण वारा लागणाऱ्या बुट्टीत आणि कांद्यापासून दूर असावेत.

वस्तूंची मांडणी ठरवताना एका जुन्या प्रयोगाचा विचार मला नेहमी उपयोगी वाटला आहे. १९२६ साली मार्गारेट शुटे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी जर्मनीतील फ्रँकफर्ट शहराच्या कामगार वसाहतींसाठी सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब असे स्वयंपाकघर आखले. काम करणाऱ्या बाईला किती पावले टाकावी लागतात याचा त्यांनी बारकाईने विचार केला, आणि तांदूळ, साखर यांसाठी नावे घातलेले, सरळ ओतता येणारे अ‍ॅल्युमिनियमचे खण बसवले. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बांधली गेली. ती आखणी एका बाईपुरती होती, ही तिची मर्यादा आपण ध्यानात घ्यायला हवी. तुमच्याकडे तू कट्ट्याशी उभी असतेस, सासूबाई विळी घेऊन खाली बसतात आणि सकाळी भांड्यांना येणाऱ्या मावशीही तेथेच वावरतात. म्हणून विळी, खोवणी आणि भाजीची बुट्टी सासूबाईंच्या बसण्याच्या जागेशेजारी, जमिनीलगत ठेव. त्यांना उठून फळीकडे हात करायला लावू नकोस. तवा, परात आणि भाकरीच्या पिठाचा डबा एकाच ठिकाणी असू दे.

डब्यांवर नावे जरूर लाव आणि ती मराठी व कन्नड या दोन्ही लिप्यांत लिही. मावशी कन्नड वाचतात, तुझा मुलगाही शाळेत कन्नड शिकतो आहे. नाव वाचता आले, की वस्तू जागच्या जागी परत जाते. नावाखाली भरल्याचा महिना लिहावा. दुकानातून आणलेल्या पाकिटांवरची तारीख पाहताना ‘बेस्ट बिफोर’ ही चवीविषयीची आणि ‘एक्स्पायरी’ ही आरोग्याविषयीची सूचना आहे, एवढा फरक कर. दुसरी उलटून गेली असेल तर वस्तू निःशंक टाकून दे.

भांड्यांना सर्वांत शेवटी हात लाव. खरवडलेले नॉनस्टिक तवे, झाकण हरवलेले आणि वास धरलेले प्लॅस्टिकचे डबे, दांडी तुटलेले झारे हे कोणालाही न विचारता काढता येतील. पितळेचे मात्र तसे करू नकोस. माळ्यावरची पातेली, घंगाळ आणि डबे कोणी दिले, कोणत्या कार्यात आले, हे सासूबाईंना ठाऊक असते, आणि ती भांडी मोडीत घालायची की नाही, हे सर्वस्वी त्यांनी ठरवावे. त्यांच्यासोबत बसून प्रत्येक भांडे खाली उतरव आणि ते वापरायचे, नातेवाइकांना द्यायचे की मोडीत घालायचे, ते त्यांच्या तोंडून ऐकून वहीत लिही. जे वापरात राहील त्याला कल्हई करून घे. कल्हई गेलेल्या पितळेत आमटी, ताक किंवा चिंचेचे काहीही ठेवू नये. कल्हईवाला पावसाळ्यात सहसा फिरत नाही, म्हणून हे काम मृगापूर्वी उरकायला हवे. वहीतला साठ्याचा हिशेब तयार झाला की मला पाठव. शाळू आणि गूळ किती ठेवावा, ते आपण मिळून पाहू.

तुझी,
काकू