कोल्हापुरात राहून टेक स्टार्टअपला फंडिंग मिळतं का, की पुण्याला जावंच लागतं?

भावा, तू लिहिलंयस की इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहेस, तिघं मित्र मिळून गुऱ्हाळासाठी काहिलीतल्या रसाचं तापमान मोजणारं यंत्र आणि त्याचं अ‍ॅप बनवताय, आणि गुंतवणूकदारांच्या नजरेत यायला आधी काय करावं, स्पर्धा, बातमी, पिच डेक (म्हणजे गुंतवणूकदाराला दाखवायच्या स्लाइड), का सरळ पुणं गाठावं. ते 'नजरेत यायला' वाचलं आणि राहवलं नाही. ह्याच एका गोष्टीवरून माझी आणि माझ्या पार्टनरची दहा वर्षांची दोस्ती तुटली. म्हणून उत्तर लांबणार आहे.

२०१८ ला मी गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, मेंटेनन्सला होतो. इंडक्शन फर्नेस, म्हणजे विजेची भट्टी, असलेल्या कुठल्याही मालकाला विचार, त्याची झोप कशानं उडते, तो लाइट बिलच सांगणार. एक टन लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिटच्या आसपास जातात, ते तर आहेच, पण खरा घाव बसतो एमडीचा, म्हणजे मॅक्झिमम डिमांडचा, एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली त्याचा. महिन्यात एकदा जरी ठरलेल्या डिमांडच्या वर गेलात की वरच्या भागाला दीडपट दर लागतो. एक रात्र, एक शिफ्ट, दोन फर्नेस एकदम फुल पॉवरवर, झालं. दर महिन्याला मालक बिल घेऊन माझ्यासमोर उभे, "परत कशी गेली वर?" आणि माझ्याकडं उत्तर नसायचं, कारण कधी गेली तेच बिल आल्यावर कळायचं.

त्यातनं पेटीची कल्पना आली. मीटरमधनं आकडे बाहेर आणणारी आरएस-४८५ ची केबल काढायची, एक छोटा कंट्रोलर, मोबाइल सिमवर चालणारा एक जीएसएम मोडेम, आणि डिमांड वर जायला लागली की बझर. माझा पार्टनर कॉलेजपासूनचा मित्र, सॉफ्टवेअर त्याचं, हार्डवेअर माझं. घरी टेबलावर झकास चालायची. भट्टीच्या पॅनलशेजारी नेली की आकडे उड्या मारायचे, मोडेम मरायचा. शील्डेड केबल टाकली, शील्डचं अर्थिंग एकाच टोकाला केलं, पेटी पॅनलपासून लांब भिंतीवर घेतली, पंखा काढून टाकून सीलबंद केली कारण काळी वाळू कुठंही घुसते, तेव्हा कुठं आकडा स्थिर झाला. ह्यात चार महिने गेले.

आणि मग तिसऱ्या रात्री बघतो तर बझर गप्प. उघडून बघितलं तर आत कॉटन वेस्ट कोंबलेलं. फर्नेसवर एक मामा होते, पंचवीस वर्षं भट्टीवर काढलेले. त्यांना विचारलं तर म्हणाले, "पोरा, ह्यो नुसता बोंबलतोय. मी काय करू? भट्टी बंद केली तर तिकडं रस ओतायचं मोल्ड थांबल्यात. किती पॉवर कमी करू आन् किती येळ, तेवढं सांग की."

मी त्या रात्री घरी जाऊन झोपलो नाही. कारण मामा बरोबर होते. डिमांड म्हणजे ठरावीक मिनिटांच्या टप्प्यात ओढलेल्या पॉवरची सरासरी. त्या टप्प्यातली मिनिटं शिल्लक असताना पॉवर थोडी खाली घेतली तर भट्टी बंद करायची गरजच नाही, आणि स्लॅग (वरची मळी) काढताना किंवा चार्ज (नवं लोखंड) टाकताना तशीही पॉवर खाली घेतात, तेवढा वेळ नीट जुळवला की झालं. बझर काढून टाकला. लांबून दिसणारे मोठे लाल आकडे बसवले, दोनच: किती किलोवॅटवर यायचं आणि किती मिनिटं. पुढच्या पूर्ण महिन्यात डिमांड हद्दीच्या आत राहिली. बिल आलं त्या दिवशी मालकांनी केबिनमध्ये बोलावलं, बिल दोनदा वाचलं, आणि दुसऱ्या फर्नेससाठी पेटी बनव म्हणून ४० हजारांचा अ‍ॅडव्हान्सचा चेक फाडला. त्या चेकची झेरॉक्स अजून माझ्या कपाटात आहे.

आता पार्टनरचं ऐक. हे सगळं चालू असताना तो पुण्यात स्पर्धा करत होता. एका स्पर्धेच्या फॉर्ममध्ये कंपनी रजिस्टर पाहिजे असं होतं, म्हणून २०१८ लाच घाईनं प्रायव्हेट लिमिटेड काढली, निम्मे शेअर त्याचे, निम्मे माझे. ट्रॉफी मिळाली, पेपरात फोटो आला, घरचे खूश, मीही खूश झालो, खोटं कशाला बोलू. पण त्या बातमीनंतर जे फोन आले त्यातला एकही फाउंड्रीवाल्याचा नव्हता. कोण ऑफिसची जागा विकत होतं, कोण वेबसाइट करून देतो म्हणत होतं, आणि एकजण तर म्हणाला की तुमची राष्ट्रीय पुरस्कारासाठी निवड झाल्या, फक्त ३५ हजार भरा. असल्या पुरस्काराला एक रुपयाही देऊ नकोस.

मग स्टार्टअपमध्ये पैसे लावणाऱ्या पुण्यातल्या एका फंडाची मीटिंग मिळाली. वीस मिनिटं. पहिलाच प्रश्न, देशात फाउंड्री किती? मी सांगितलं, पाच हजारांच्या आसपास, आपल्या कोल्हापूर पट्ट्यात तीनशेच्या आसपास. तो माणूस चांगला होता, त्यानं कागदावर गणित मांडून दाखवलं आणि ते तूही समजून घे, कारण कुणी समजावत नाही. समज फंड १०० कोटींचा आहे आणि तुझ्यात त्यांचा वाटा १५ टक्के. दहातल्या बहुतेक कंपन्या बुडणार किंवा रडतखडत चालणार हे धरूनच ते पैसे लावतात, म्हणून प्रत्येक कंपनी एकटीनं सगळा फंड परत करू शकेल का हे बघतात. १५ टक्क्यांत १०० कोटी यायचे तर तुझी कंपनी साधारण ६६७ कोटींना विकली गेली पाहिजे, आणि तेही फंडाची मुदत संपायच्या आत, आठ-दहा वर्षांत. पाच हजार फाउंड्रींना पेट्या विकून ६६७ कोटींची कंपनी होते का? नाही होत. नफ्याची होते, पण तेवढी नाही होत. त्यानं नाही म्हटलं त्यात आमची पेटी वाईट होती असं काही नव्हतं, आमचा धंदा त्याच्या मापाचा नव्हता. हे मला त्या दिवशी लख्ख कळलं, पार्टनरला ते पटलं नाही.

पुढच्याच आठवड्यात एका एंजलनं, म्हणजे स्वतःच्या खिशातनं पैसे लावणाऱ्या गुंतवणूकदारानं, २५ लाख देतो म्हटलं, २० टक्क्यांना, म्हणजे पैसे आल्यावर कंपनीची किंमत सव्वा कोटी. अट एकच, फाउंड्री सोडा, पुण्याला या, सोसायट्या आणि मॉलसाठी वीज वाचवणारा प्लॅटफॉर्म करा, त्याला 'स्टोरी' आहे. येताना कराडला चहाला थांबलो आणि तिथंच भांडण झालं. मी म्हटलं मॉलमध्ये आपल्याला काय कळतं, भट्टीवर आपल्याला मामा भेटले, तिथं कोण भेटणार? तो म्हणाला, "तू आयुष्यभर पेट्या बसवत फिरणारा मिस्त्रीच राहणार."

हा शब्द मला आजही टोचतो, आणि इथं जाहीर सांगतो की चुकीच्या गावातल्या माणसाला तो चुकीच्या अर्थानं ऐकवला. आपलं उद्यमनगर मिस्त्र्यांनी उभं केलंय. नमुना हातात घेऊन तसाच पार्ट करून देणाऱ्या, न जमलं तर परत करून देणाऱ्या माणसांनी. त्यांना कुणी पिच डेक मागितला नव्हता. गिऱ्हाईक दारात उभं होतं म्हणून बँकेनं कर्ज दिलं, सावकारानं दिलं, पाव्हण्यानं दिलं.

तो पुण्याला गेला, मी इथं राहिलो. आणि त्या घाईच्या रजिस्ट्रेशनची किंमत पुढं मोजली. २०२१ ला केंद्राची स्टार्टअप इंडिया सीड फंड स्कीम आली, ९४५ कोटींची. इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या कंपन्यांना हात देणाऱ्या संस्थेमार्फत, प्रोटोटाइपसाठी २० लाखांपर्यंत ग्रँट, बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा कन्व्हर्टिबल (पुढं शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज). आम्हाला चपखल बसणारी. पण अट होती की अर्ज करताना कंपनी काढून दोन वर्षांपेक्षा जास्त झालेली नको. आमची २०१८ ची. एका ट्रॉफीच्या फॉर्मपायी २० लाखांचा दरवाजा बंद झाला. त्यामुळं तुला सांगतो, विक्री किंवा ग्रँट समोर दिसेपर्यंत कंपनी काढू नकोस, रजिस्ट्रेशनच्या तारखेपासून घड्याळ सुरू होतं. डीपीआयआयटीची, म्हणजे केंद्राच्या उद्योग खात्याची, स्टार्टअप म्हणून मान्यता त्यानंतर घे, ती फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नकोस.

मग पैसे आले कुठनं? गिऱ्हाइकांकडनंच. एका फाउंड्रीवाल्यानं दुसऱ्याला सांगितलं, लग्नात, जेवणावळीत, कास्टिंगचा ट्रक भरताना. अकरा पेट्या बसल्यावर शिरोलीचे दोन मालक, दोघंही माझी गिऱ्हाइकं, म्हणाले आम्ही पैसे घालतो. २० लाख, १० टक्के. डेक बघितला नाही. स्वतःची आठ-आठ महिन्यांची बिलं समोर ठेवून बसले आणि पेटीआधी किती, पेटीनंतर किती, एवढंच बोलले. कोल्हापुरात पैसा नाही म्हणणाऱ्यांनी हे टेबल बघायला पाहिजे होतं. ऊस, दूध, चांदी, कास्टिंग, सगळ्यातनं इथं पैसा फिरतो. तो स्लाइड बघून सुटत नाही, स्वतःचा फायदा हातात दिसला की लगेच सुटतो.

पण इथंच दुसरी चूक वर आली. निम्मे शेअर अजून पार्टनरच्या नावावर. वेस्टिंग केलेलं नव्हतं. वेस्टिंग म्हणजे शेअर चार वर्षांत हळूहळू हक्काचे होतात, पहिल्या वर्षाच्या आत सोडलास तर काहीच नाही. तुम्ही तिघं मित्र आहात ना, हे आजच्या आज कागदावर लिहा, दोस्तीत कशाला असं म्हणू नका, दोस्तीसाठीच लिहा. आमचं नव्हतं म्हणून एक वर्ष रखडलं. शेवटी मीच त्याच्या घरी गेलो. काकूंनी नेहमीसारखे पोहे दिले, जणू मधली वर्षं झालीच नाहीत. तो सहा लाखांना शेअर द्यायला तयार झाला, सही केली, आणि सही करता करता म्हणाला, "त्या वेळी पैसे घेतले असते तर आज शंभर माणसं असती आपल्याकडं." मी म्हटलं, असती, आणि त्यांचा पगार गुंतवणुकीच्या पुढच्या राउंडमधनं द्यावा लागला असता. २०२१ ला स्टार्टअपमध्ये पैशाचा पूर आला होता, २०२२ पासनं आटला. ऑनलाइन शिकवणीवाली बायजूज २०२२ ला २२ अब्ज डॉलरची कंपनी होती, टीव्हीवर, जर्सीवर, सगळीकडं तीच, आणि २०२४ ला दिवाळखोरीच्या कोर्टात. उलट शेअर ब्रोकर झेरोधा २०१० ला सुरू झाली ती बाहेरचा पैसा न घेता. सॉफ्टवेअरवाल्या झोहोचंही तसंच, तिचे संस्थापक श्रीधर वेंबू तर तमिळनाडूत तेनकाशीकडच्या खेड्यात राहून काम बघतात. नजरेत आधी गिऱ्हाइकाच्या यायचं असतं. त्याला हे तेव्हा पटलं नव्हतं, त्या दिवशीही पटलं नाही. तो हे वाचत असेल तर वाचू दे, माझं मत तेच आहे. जेवायला कधीही ये, हेही तेच आहे.

आता हेही सांगायला पाहिजे की सगळ्यांना माझा रस्ता लागू नाही. चिप, बॅटरी, औषधं, जिथं विक्रीआधी तीन-चार वर्षं नुसता खर्चच आहे, तिथं मोठा फंड लागतोच, आणि तसलं काही करत असशील तर पुणं-बंगळूर गाठ, लाजू नकोस. नुसतं सॉफ्टवेअर असेल आणि गिऱ्हाईक जगभर असेल तरी फंडाचं गणित जुळू शकतं. कुणाचेही पैसे घेताना बँकेतनंच घे, सीएला विचारून व्हॅल्युएशन रिपोर्ट (कंपनीच्या किमतीचा कागद) कर, शेअर दिल्यावर १५ दिवसांत आरओसीला, म्हणजे कंपनी रजिस्ट्रारला, रिटर्न भर. एंजल टॅक्सची, म्हणजे शेअर जास्त किमतीला विकल्यावर लागणाऱ्या कराची, भीती कुणी घातली तर तो २०२४ च्या बजेटमध्ये काढून टाकलाय. आणि टर्म शीटमध्ये (गुंतवणुकीच्या अटींच्या कागदात) लिक्विडेशन प्रेफरन्सची ओळ वकिलाकडनं वाचून घेतल्याशिवाय सही करू नकोस, कंपनी विकली तर आधी कुणाचा पैसा निघतो ते त्या ओळीत असतं.

राहिलं तुझं यंत्र. काकवी ११८ अंशांच्या आसपास आली की काहील उतरवायची हे तुझा सेन्सर सांगणार, ते गुळव्याला आधीच कळतं. तो गार पाण्यात थेंब टाकून बोटांत गोळी वळून बघतो आणि चुकत नाही. मग त्याला तुझी पेटी कशाला पाहिजे? हे मला माहीत नाही आणि तुलाही माहीत नसणार, गुळव्यालाच माहीत. कदाचित त्याला तापमान नकोच असेल, चुलवाणात चिपाडं किती आणि कधी घालायची ते पाहिजे असेल, कदाचित मालकाला प्रत्येक आदनाचा, म्हणजे काहिलीच्या एकेका खेपेचा, हिशोब पाहिजे असेल. दिवाळीनंतर हंगाम जोरात असतो. करवीर नाहीतर पन्हाळ्याकडचं एक गुऱ्हाळ पकड, पहाटे चारला जा, महिनाभर जा, वही घेऊन चुलवाणापाशी बस. आणि पेटी बसवलीस की पहिल्याच मालकाकडनं पाच हजार का होईना अ‍ॅडव्हान्स घे. फुकट बसवलीस तर तिच्यात चिंध्या कोंबल्या तरी तुला कुणी सांगणार नाही.